बाईंची चौकट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मी शाळेविषयी लिहिणार होतो. पण लिहायला बसल्यावर विज्ञानाच्या बाईंखेरीज दुसरे काही आठवेना. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत सांगावे लागत नाही.

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आला की बाई आठवीच्या वर्गाला रविवारी सकाळी वरळीच्या खडकांवर नेत. त्यांच्याकडे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक असे, तरी कोळीवाड्यातून येणाऱ्या आमच्या वर्गमित्राला विचारल्याशिवाय त्या दिवस ठरवत नसत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा त्याच्या आजीचा हिशेब होता: द्वितीयेला दीड वाजता भरती, आणि तिथून सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास, ओहोटी. बाईंनी त्यालाच फळ्यापाशी उभे करून तो हिशेब वर्गाला शिकवायला लावला, आणि चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो म्हणून तो जुळतो, एवढीच भर स्वतः घातली.

खडकावर विजेच्या वायरिंगच्या पाइपांची, अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवायची आणि आत जे जे सापडेल ते मोजून वहीत लिहायचे, असा आमचा अभ्यास असे. इतरांच्या चौकटींत शंखात राहणारे खेकडे, कालवे, एकदा तर समुद्रफूलही आले. माझ्या वाट्याला कोरडा काळा दगड आला, त्यावर पांढऱ्या खडबडीत पुटकुळ्या. मी वहीत ‘निरंक’ लिहिले. हा शब्द वडिलांच्या कचेरीतल्या कागदांवरून उचललेला होता आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. बाईंनी तो वाचला, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “पाणी चढेपर्यंत इथेच बस.” बाकीची मुले वरच्या कठड्यावर बसून डबे खाऊ लागली. तासाभराने पहिली लाट चौकटीवरून गेली, नंतर पाणी तिथे ठरले, आणि त्या प्रत्येक पुटकुळीचे तोंड उघडून आतून पिसासारखा बारीक पंजा बाहेर येऊन पाणी चाळू लागला. बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, साडीचा काठ भिजला होता. हे बार्नॅकल, म्हणाल्या, खेकड्याचे भाऊबंद. डोके दगडाला कायमचे चिकटवून घेतात आणि पायांनी अन्न ओढतात. डार्विनने यांच्यावर १८४६ पासून आठ वर्षे घालवली, तू एक तास घालवलास तर बिघडले नाही. मी एकशे बारा मोजले आणि मग पाण्याने मला उठवले.

पुढे मी रसायनशास्त्र घेतले आणि आज जहाजांच्या तळाला लावायच्या रंगांचे काम करतो. बार्नॅकल चिकटले की तळ खडबडीत होतो, जहाज जड चालते आणि इंधन जास्त जळते. पूर्वी त्यावर वापरले जाणारे कथिलाचे विषारी रंग कालवांनाही घातक ठरल्यामुळे २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाले, आणि विषाशिवाय तेच साधण्याची खटपट आमच्यासारख्यांकडे आली. थोडक्यात, बाईंनी ज्याच्यासमोर मला बसवले, त्याला बसू न देण्याचा पगार मी घेतो. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या पुष्कळ हसल्या होत्या.

गेल्या वर्षी सागरी किनारा मार्गावरून जाताना आमचे खडक शोधले. तिथे भराव आहे. वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळांच्या वसाहती काम सुरू असताना २०२० मध्ये दुसरीकडे हलवल्या गेल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. बार्नॅकलला ते नाही, आणि आमच्या चौकटीतले दगड कोणी हलवल्याचे ऐकिवात नाही.

त्यामुळे एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीशेजारच्या कपाटात, सांगाड्याच्या मागे, बाईंनी दरवर्षीच्या मोजण्या उतरवून ठेवलेली लांबट निळी नोंदवही असे. ती रद्दीत गेली नसेल तर कृपया काढून ठेवावी. ते खडक आता पुन्हा मोजता येणार नाहीत. माझ्या नावापुढचे ‘निरंक’ बाईंनी खोडले होते की तसेच ठेवले होते, तेही मला पाहायचे आहे.