फ्रँकफर्ट, दिवसभराचं तिकीट

सकाळी भाच्याने दिवसभराचं तिकीट हातात ठेवलं. "मावशी, जुना चौक बघ, नदीकाठी फिर, संध्याकाळी फोन केलास की मी येतोच." मी मान डोलावली आणि बोकनहाइमर वार्टेला उतरले. या स्टेशनाच्या तोंडाशी जुन्या ट्रामचा डबा फुटपाथ फोडून वर आल्यासारखा तिरका उभा केलाय. अपघात झालाय असं वाटून मी क्षणभर थबकलेच.

तिथून पाच-दहा मिनिटांवर सेंकेनबर्गआनलागे नावाचा रस्ता. समाजसंशोधन संस्थेची इमारत इतकी साधी, की आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसमोर उभं असल्यासारखं वाटावं. आजची इमारत 1951 ची. पहिली युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेली. संस्था 1923 ची, आणि पैसा फेलिक्स वाइल या तरुणाच्या घरचा. त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात तो कमावलेला. व्यापाऱ्याच्या पैशावर मार्क्सवादी संशोधन! मार्च 1933 मध्ये नाझींनी तिला टाळं ठोकलं. मंडळी मार्क्सवादी, शिवाय बहुतेक ज्यू घरांतली. जिनिव्हामार्गे ती न्यूयॉर्कला पोचली.

समोरच्या सिग्नलला 'अडोर्नो सिग्नल' म्हणतात. इथे रस्ता ओलांडणाऱ्यांचे जीव जातात, सिग्नल लावा, असं पत्र याच संस्थेतल्या थिओडोर अडोर्नो या तत्त्वज्ञाने 1962 मध्ये वर्तमानपत्राला लिहिलं होतं. सिग्नल लागला 1987 मध्ये, तो वारल्यावर 18 वर्षांनी. पुणेकरांना यात नवल वाटू नये. रस्ता पूर्ण रिकामा होता, तरी लाल दिव्यापुढे आम्ही चौघं निमूट उभे.

तिथे उभी असताना एम.ए.चा वर्ग आठवला. सरांनी एक प्रश्नावली वाटली होती, 'दि ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी' या 1950 च्या अभ्यासातली. अडोर्नो आणि अमेरिकेतल्या बर्कलीच्या तीन मानसशास्त्रज्ञांचं ते काम. ज्यूद्वेष आणि हुकूमशाहीकडे ओढा कुठल्या स्वभावात रुजतो, हे त्यांना शोधायचं होतं. गंमत अशी की त्या यादीत ज्यूंचा उल्लेखच नव्हता. आज्ञाधारकपणा आणि वडीलधाऱ्यांचा मान हे मुलांनी शिकायचे सर्वांत मोठे गुण, अशा अर्थाचं एक विधान होतं. मी 'पूर्ण सहमत'वर खूण केली. उलट बोलू नये हे ऐकतच वाढलेली मुलगी दुसरं काय करणार? सर नुसते हसले. एका खुणेने कोणी हुकूमशहाचा भक्त ठरत नाही, हे नंतर कळलं. वरच्यापुढे वाकायचं, खालच्याला तुडवायचं आणि आतला राग तिसऱ्यावर काढायचा, ही सगळी गाठ त्यांना शोधायची होती. प्रश्नावलीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली. उजव्यांनाच बरं मोजता, डाव्यांमधली हुकूमशाही वृत्ती दिसत नाही का, असं विचारलं गेलं. टीकेत तथ्य होतं. पण याच संस्थेतल्या एरिक फ्रॉमने 1929 मध्ये जर्मन कामगारांना प्रश्न विचारले होते, तेव्हा डाव्या पक्षांच्या मतदारांतही ती वृत्ती सापडलीच होती.

दुपारी वेस्टएंडला गेले. तिथला आयजी फार्बेन या रसायन कंपनीचा अजस्र वाडा आता विद्यापीठाचा आहे. नाझींनी छळछावण्यांत माणसं मारायला वापरलेला विषारी वायू झिक्लॉन-बी विकणाऱ्या कंपनीत याच आयजी फार्बेनची मोठी भागीदारी होती. आवारातल्या काचेच्या पेटीत अडोर्नोचं स्मारक आहे: लिहायचं टेबल, खुर्ची, दिवा, तालमापक. मी बाकावर बसून डबा उघडला. थालीपीठ गार झालं होतं.

अडोर्नो आणि संस्थेचा संचालक होर्कहायमर यांच्या 'डायलेक्टिक ऑफ एन्लायटनमेंट'मध्ये ज्यूद्वेषावर एक प्रकरण आहे. 1947 च्या आवृत्तीत त्याला सातवा भाग जोडला गेला, आणि त्यात 'तिकीट' हा शब्द येतो. आपल्याकडे पक्ष उमेदवाराला तिकीट देतो. अमेरिकेत तिकीट म्हणजे उमेदवारांची अख्खी यादी, घ्यायची तर सगळी घ्या. त्यांचं म्हणणं, आता ज्यूद्वेष असा यादीतून येतो. माणसाने आयुष्यात ज्यू पाहिलेला नसतो, अनुभवाशी काही संबंध नसतो. बाजार कोसळतो, नोकरी जाते, कोण चालवतंय हे सगळं ते दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या सत्तेला चेहरा हवा असतो आणि तो यादीत आयता मिळतो. स्वतःच्या मनातली सत्तेची हाव त्या चेहऱ्यावर चिकटवायची, मग त्यालाच घाबरायचं.

मला अलिबागची इस्रायल आळी आठवली. आमची आजी तिथल्या बेने इस्रायलींना 'शनिवार तेली' म्हणायची, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तिच्या लेखी ज्यू म्हणजे तेल देणारा शेजारी. जग चालवणारा अदृश्य हात वगैरे ऐकून ती म्हणाली असती, "कोण, तो?" पण शेजार असला की द्वेष होत नाही, असं म्हणायची सोय मला फ्रँकफर्टने ठेवली नाही. इथे तर 1462 पासून ज्यूंची गल्लीच होती.

त्या गल्लीच्या टोकाला, बोर्नेप्लाट्झजवळ, जुन्या ज्यू दफनभूमीची भिंत आहे. तिच्यात 11 हजारांहून अधिक छोटे धातूचे ठोकळे बसवलेत. प्रत्येकावर मारल्या गेलेल्या एका फ्रँकफर्टकराचं नाव, आडनावांच्या अक्षरक्रमाने. ठोकळे बोटभर बाहेर आलेले, त्यांवर लोक खडे ठेवतात. याच शहरात जन्मलेल्या ॲन फ्रँकच्या नावावर खड्यांची दाटी होती. शेजारच्या बऱ्याच नावांवर काही नव्हतं. मी खाली वाकून खडे वेचू लागले, एकेका नावावर एकेक.

फोन वाजला. "मावशी, अंधार पडला, आहेस कुठे?"

"भिंतीपाशी. आत्ताशी 'एल'पर्यंत आलेय."