खाली येतोस का?

ऑफिसात काहीही न करता दहा मिनिटं उभं राहायचा अधिकार फक्त सिगारेट ओढणाऱ्याला असतो. विश्वास बसत नसेल तर करून बघा. भर कामाच्या वेळेत खुर्चीतून उठा, इमारतीच्या मागच्या बाजूला जा, भिंतीला पाठ टेका आणि समोर बघत नुसते उभे राहा. पाचव्या मिनिटाला कोणीतरी येऊन विचारणारच, "काय रे, बरं वाटत नाहीये का?" साहेबांनी पाहिलं, तर याला काम कमी पडतंय अशी त्यांची खात्री होईल. तेच बोटांत सिगारेट असू दे. कोणी काही विचारत नाही. माणूस कामात असतो.

सिगारेट सोडण्यावर जे काही लिहिलेलं सापडतं त्यात या अधिकाराबद्दल अवाक्षर नसतं. सगळा भर निकोटिनवर. निकोटिन खरं तर शब्दाला पक्कं आहे. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत मेंदूत हजर, आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं गायब. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. चिडचिड, झोपेचं खोबरं, कशात लक्ष न लागणं, सारखी भूक, सगळं सांगून येतं आणि बहुतेक सांगितल्या वेळेला निघून जातं. ऑफिस मात्र रोज असतं.

त्या दोन तासांच्या हिशेबाने आमची एक जुनी समजूत निकालात काढली. आम्ही सगळे टेन्शनमुळे ओढतो, असं आम्ही एकमेकांना मनापासून सांगत असू. साहेबांनी झापलं म्हणून एक. क्लायंटने होकार दिला म्हणून एक. सर्व्हर बसला म्हणून एक आणि उठला म्हणून आणखी एक. कारणं रोज नवी, वेळा मात्र त्याच: अकरा, जेवणानंतर, चार, निघताना. आधीच्या सिगारेटचं निकोटिन उतरलं की अस्वस्थ वाटू लागतं, पुढची ओढली की बरं वाटतं, आणि ते श्रेय आपण सिगारेटला देऊन मोकळे होतो. ज्या बेचैनीवर ती उतारा होती, ती तिनेच आणलेली असायची. साहेबांवर आम्ही इतकी वर्षं विनाकारण आळ घेतला. (सगळ्याच बाबतीत विनाकारण, असं म्हणवत नाही.)

तर, रविवारी सोडणं फार अवघड नाही. खरी परीक्षा सोमवारी अकराला. पार्टिशनच्या पलीकडून एक डोकं वर येतं. भुवया किंचित उंचावतात. दोन बोटं ओठांजवळ जातात, लगेच खाली येतात, आणि तोच हात शर्टाचा खिसा थोपटतो: पाकीट माझ्याकडे आहे, तू फक्त ये. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम, आवाज शून्य. या आमंत्रणाला 'हो' म्हणायला नुसतं उठावं लागतं. 'नाही' म्हणायला मात्र खुणेची भाषाच नाही. मान हलवली तर त्याचा अर्थ 'आत्ता नको, दहा मिनिटांनी' असा घेतला जातो, आणि दहा मिनिटांनी ते डोकं पुन्हा वर येतं.

आणि खाली काय असतं? धूर असतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे हुद्दे नसतात. लायटर विसरलेला जनरल मॅनेजर परवा रुजू झालेल्या पोराकडे हात पसरतो, आणि ते पोरगं वाऱ्याला पाठ करून, दोन्ही तळहातांचा आडोसा धरून साहेबांची सिगारेट पेटवून देतं. तेवढ्या वेळात जी ओळख होते ती वर दहा मीटिंगांत होत नाही. कोण नोटीस पिरियडवर आहे, कोणाचं प्रमोशन अडलंय, कुठलं प्रोजेक्ट गुंडाळलं जाणार, या बातम्या तिथे आधी येतात आणि एचआरला मागाहून कळतात. मी खाली जाणं थांबवलं आणि थोड्याच काळात शेजारच्या टीममधल्या एका मित्राने राजीनामा दिल्याचं मला त्याच्या निरोपाच्या ईमेलवरून समजलं. म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्या सभ्य माणसांना समजतं तसं.

गंमत अशी की हा क्लब कायद्याने तयार केला. पूर्वी टेबलावरच अॅशट्रे असायचे. माणूस टाइप करता करता ओढायचा, उठायचं कारण नव्हतं. मग बंद्या आल्या. २९ मार्च २००४ ला आयर्लंडने पबांसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान थांबवलं. देशभर अशी सरसकट बंदी आणणारा तो पहिला देश. नंतर बऱ्याच देशांनी तोच रस्ता धरला. वर बसलेल्यांची फुप्फुसं वाचली, हे उत्तमच झालं. पण ओढणाऱ्यांना सरकारने नकळत दिवसातून चार सहली मंजूर करून टाकल्या.

या सहलींचा हिशेब एका ऑफिसने खरोखर मांडला. टोकियोतल्या एका मार्केटिंग कंपनीचं ऑफिस २९व्या मजल्यावर, आणि सिगारेट ओढायला थेट तळघरात जावं लागायचं. एकेका फेरीत पंधराएक मिनिटं. न ओढणाऱ्यांपैकी कोणीतरी सूचनापेटीत तक्रार टाकली, आणि २०१७ मध्ये कंपनीने न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवस जादा रजा देऊन टाकली. ही बातमी मी ओढत असताना वाचली तेव्हा मला तो कोतेपणा वाटला होता. सोडल्यावर वाचली तेव्हा मागची थकबाकी व्याजासकट मागावीशी वाटली.

अर्थात सहा दिवस म्हणजे किरकोळ. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं ब्रिटिश डॉक्टरांवर लक्ष ठेवून जो आकडा २००४ मध्ये मांडला, तो असा: आयुष्यभर ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत तिशीला सोडणाऱ्याच्या पदरात साधारण दहा वर्षं पडतात, चाळिशीला सोडणाऱ्याच्या नऊ, पन्नाशीला सहा, साठीला तीन. ही रजा मात्र निवृत्तीनंतरच घेता येते, त्यामुळे ऑफिसात बसून तिचं अप्रूप वाटणं कठीण. अकरा वाजता समोर दिसतं ते पार्टिशन आणि त्यावरचं डोकं.

मग उठायचं तरी कशासाठी? मी कॉफीच्या मशीनचा आधार घेतला. कप भरून पुन्हा खुर्चीत. काही दिवसांत छातीत धडधड, बोटांना बारीक कंप, रात्री छताकडे टक लावून पडणं. सगळं खापर सोडलेल्या सिगारेटवर फोडता येत होतं, पण निम्मं तरी कॉफीचं होतं. सिगारेटच्या धुरातले काही पदार्थ यकृतातल्या एका एन्झाइमला कामाला जुंपतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन झपाट्याने बाहेर पडतं. धूर बंद झाला की ते एन्झाइम पुन्हा सरकारी वेगाने चालू लागतं, आणि पूर्वीइतकीच कॉफी प्यायली तरी रक्तात कॅफीन जवळजवळ दुप्पट साचतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणून निकोटिनची पट्टी चिकटवा नाहीतर च्युइंगम चघळा, यात फरक पडत नाही. सोडणाऱ्याला शुभेच्छा देणारे ढीगभर भेटतात, पण 'कॉफी निम्मी कर' एवढं सांगणारा एक भेटेल तर शपथ.

च्युइंगमची कथा मला त्यातल्या त्यात आवडते. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या एका औषध कंपनीत ओवे फेर्नो नावाचे संशोधक होते. ते स्वतःही ओढायचे. त्यांच्या एका संशोधक मित्राने पत्रातून कळवलं की पाणबुडीतल्या लोकांना आत ओढता येत नाही म्हणून ते तोंडात तंबाखू धरून भागवतात, आणि त्यांचं भागतंही. त्यावरून फेर्नोंनी निकोटिनचं च्युइंगम बनवायला घेतलं, आणि १९७८ मध्ये ते पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये विकायला आलं. पाणबुडी म्हणजे ज्याच्या आणखी खाली जायची सोय नाही असं ऑफिस. तिथल्या कर्मचाऱ्यांची अडचण सुटली ती आम्हाला उपयोगी पडली, हे योग्यच झालं. एक मात्र खरं: हे च्युइंगम गालात धरून प्रेझेंटेशन देऊ नये. 'स्ट्रॅटेजी' या शब्दाची वाट लागते.

सोडल्याचं सगळ्यांना सांगून टाकावं, म्हणजे लाजेकाजेने तरी टिकतं, असा सल्ला देतात. सांगितलं. ज्यांनी कधी ओढली नव्हती त्यांनी पाठ थोपटली आणि त्यानंतर मी जिना उतरताना दिसलो की माझ्याकडे संशयाने बघू लागले. खालची मंडळी आधी हसली. मग, "बघू किती टिकतोस." मग थोडा अबोला. मला तो तेव्हा बालिशपणा वाटला. आता वाटतं, त्यांचं फारसं चुकत नव्हतं. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी वर्षानुवर्षं चाललेल्या आरोग्य अभ्यासातल्या बारा हजारांवर माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची माहिती चाळली, तेव्हा दिसलं की माणसं सिगारेट एकेकटी सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. लहान कंपनीत एका सहकाऱ्याने सोडली की दुसरा ओढत राहण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी घटते. म्हणजे एकाने सोडली की बाकीच्यांच्या पायाखालची जमीन थोडी हलतेच. मी फक्त माझ्यापुरती सोडली, असं मी म्हणून काय उपयोग?

मी अजूनही अधूनमधून खाली जातो. जाऊ नये म्हणतात, आणि पहिल्या महिन्यात तर मुळीच जाऊ नये, हे मलाही पटतं. पण आता जातो. वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो. हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटलेला नाही. मोबाइल बाहेर काढला तर गप्पांतून बाद होतो, आणि खिशात घातले तर तपासणीला आल्यासारखा दिसतो. बातम्या मात्र पुन्हा वेळेवर कळू लागल्या आहेत.

परवा त्यांच्यातलाच एक, सगळ्यात मोठ्याने हसलेला, लिफ्टमध्ये एकटा भेटला. दोन मजले गप्प होता. मग आकड्यांकडे बघतच म्हणाला, "ते च्युइंगम नुसतं चघळत राहायचं का रे?"

"नाही. जरा चावायचं, झणझणलं की थांबायचं आणि गालात धरून ठेवायचं. झणझणणं गेलं की परत चावायचं. आणि आधी पाव तास कॉफी नाही."

"बरं." लिफ्ट थांबली. बाहेर पडता पडता तो वळला. "खाली कोणाला बोलू नकोस. त्यांना वाटतंय मी सुट्टीवर आहे म्हणून येत नाही."