चिंगी नावाचा छोटा ड्रॅगन कागदावर उभा करताना : माझा अनुभव

मी मुलांसाठी एक लांब गोष्ट लिहितेय. कोकणातल्या एका घरात छोटा ड्रॅगन पाळलाय अशी. त्याचं, म्हणजे खरं तर तिचं, नाव चिंगी. गोष्टीला हात घालायच्या आधी चिंगीचं शरीर नीट बसवायचं असं मी ठरवलं होतं. वजन किती, पंख कुठून फुटतात, खाते काय, पावसात काय करते, अंडी कुठे घालते, आणि मुख्य म्हणजे माणसाजवळ येते तरी का. यात बरेच महिने गेले. फॅन्टसी लिहिणारे खूप जण म्हणतात की जादू आहे ना, मग उडू दे की, कशाला एवढा विचार. मला ते अजिबात पटत नाही. पाळीव प्राणी म्हटला की त्याचं खाणंपिणं, घाण काढणं, आजारपण सगळं आलंच, आणि ते काही नसेल तर ते खेळणं झालं, सोबत नाही झाली.

पहिला प्रश्न पायांचा. चित्रातल्या ड्रॅगनला चार पाय असतात आणि वर पाठीतून दोन पंख. पण कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना हातपाय मिळून चारच. पक्षी घ्या, वटवाघूळ घ्या, दोघांनीही पंखांसाठी हात खर्ची घातलेत. तसं केलं असतं तर चिंगीला दोन पायच उरले असते, आणि मला तर ती चारही पायांनी बोट घट्ट धरणारी हवी होती. माझी भाची सात वर्षांची आहे, तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मग मावशी, पंख पोटातून काढ ना." ती सहज बोलून गेली पण उत्तर खरंच तिथेच आहे, कारण पोटाच्या बाजूने, म्हणजे बरगड्यांतून पंख काढणारा प्राणी आपल्या पश्चिम घाटात राहतो.

उडणारा सरडा, शास्त्रीय नाव ड्रॅको डुसुमिएरी. ड्रॅको म्हणजे ड्रॅगनच. गोव्यात काणकोणकडे, कोटीगावच्या जंगलात आणि आसपासच्या कुळागरांत तो दिसतो. कुळागर म्हणजे सुपारी, मिरी, केळी वगैरेची पाण्याकाठची बाग. मी तिथे मुद्दाम जाऊन राहिले. सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण सुपारीच्या खोडावर जे पांढुरके-करडे डाग असतात ना, हुबेहूब तसाच त्याच्या पाठीचा रंग. मग अचानक त्या खोडावर काहीतरी पिवळंधमक उघडतं आणि मिटतं, परत उघडतं परत मिटतं. ती नराच्या गळ्याखालची पिशवी, दुसऱ्या नराला दम द्यायला आणि मादीला दाखवायला. तेवढ्यात तो खोडावरून डोकं खाली करून उडी टाकतो, दोन्ही बाजूंना पंखा उघडल्यासारखं कातडं पसरतं, आणि पलीकडच्या झाडाजवळ पोचला की अंग वर उचलून, तोंड आभाळाकडे करून खोडाला चिकटतो. चिकटल्यावर लगेच दोन-चार पावलं वर चढतो. आवाज काही नाही. अख्खा प्राणी शेपटीसकट जेमतेम वीतभर, आणि ते कातडं ताणून धरतात त्याच्या लांब झालेल्या बरगड्या. हातपाय चारही मोकळे!

अजून एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली आणि ती मी जशीच्या तशी चिंगीला दिली. कर्नाटकात आगुंबेच्या परिसरात याच सरड्यावर झालेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की उडी मारल्यावर तो पुढचे हात मागे वळवतो आणि पंखाची पुढची कड पंजांनी पकडतो. म्हणजे पंख नुसता उघडत नाही, हाताने धरून वळवतो. त्यामुळे माझ्या गोष्टीत चिंगीचा हात दुखावला तर तिला नीट वळता येत नाही, आणि एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

हातपाय मोकळे ठेवून पंख फुटणं हे काही एकदाच घडलेलं नाही बरं का. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी वायगेल्टिसॉरस नावाचा तरंगणारा सरपटणारा प्राणी होता, त्याचे पंख तर बरगड्यांवरही नव्हते, बाजूंना वेगळ्याच हाडांच्या लांब काड्या होत्या. जर्मनीत जीवाश्म सापडला तेव्हा त्या काड्या माशाच्या परांचे काटे असतील असं आधी समजलं गेलं. म्हणजे हातपाय शाबूत ठेवून पंख काढायचे हे निसर्गाने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पद्धतीने करून बघितलंय, आणि हे कळल्यावर मला चिंगीबद्दल जो विश्वास वाटला तो जादूने कधीच वाटला नसता.

वजनाचं गणित मात्र कडक आहे. प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट, त्यामुळे पंखाच्या प्रत्येक भागावर दुप्पट भार येतो आणि प्राणी जोरात आपटतो. म्हणून मांजराएवढा ड्रॅगन बरगड्यांच्या पंखांवर न्यायचा माझा विचार नव्हताच. घाटातली मोठी उडणारी खार किलो-दीड किलोची असूनही रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाते, पण तिचं कातडं हातापासून पायापर्यंत ताणलेलं असतं. मी चिंगीला दोनशे ग्रॅमच्या आसपास ठेवलं आणि पंख जास्त रुंद केले. ती पंख फडफडवत नाही, फक्त तरंगते, म्हणजे उंचावरून खाली येते आणि परत चढावं लागतं. यातूनच घरातली तिची जागा ठरली : माळा, आढं, फणसाचं झाड, आणि उंच माणसाचा खांदा.

आगीचं काय हे सगळे विचारतात. ज्वाळा मी काढून टाकल्या. त्याऐवजी बॉम्बार्डिअर बीटल नावाचा भुंगा आहे त्याच्याकडून शिकले. त्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेलं असतं, धोका दिसला की ते दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथल्या एन्झाइम्समुळे भडका उडाल्यासारखी रासायनिक क्रिया होते आणि जवळजवळ 100 अंश सेल्सिअसचा उग्र फवारा शेपटीकडून बाहेर पडतो. चिंगीच्या जबड्याखाली अशा दोन पिशव्या आहेत. फवारा ती अगदी जिवावर बेतलं तरच मारते, आणि एकदा मारला की पिशव्या भरायला आठवडा जातो, त्या आठवड्यात तिला भूकही जास्त लागते. एवढी किंमत ठेवली म्हणूनच तो फवारा गोष्टीत मोठा वाटतो.

आता खाणं आणि ऊन, कारण पाळणाऱ्याचं सगळं आयुष्य याच्याभोवतीच फिरतं. माझी चुलत बहीण मेलबर्नला असते, तिच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन नावाचा पाळीव सरडा आहे, तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. व्हिडिओ कॉलवर मी तिला हजार प्रश्न विचारले आणि तिने कधी कंटाळा केला नाही. काचेच्या पेटीत एका टोकाला गरम दिवा, तिथे चाळीसच्या आसपास तापमान, दुसरं टोक थंड, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडे जाता यावं. वर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, कारण ती नसेल तर शरीरात व्हिटॅमिन डी-3 तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि हाडं मऊ होऊन जबडा-पाय वाकडे होतात. रातकिडे खायला द्यायच्या आधी ती ते कॅल्शियमच्या पावडरीत घोळवते. आणि थंडी आली की हा महिनोन् महिने जवळजवळ काही खात नाही, नुसता झोपतो.

हे ऐकताना माझ्या डोक्यात लगेच आलं की अरे, आपल्याकडे थंडी नाही पण पावसाळा आहे! जून ते सप्टेंबर कोकणात ऊन म्हणून दिसत नाही. उन्हावर चालणारा प्राणी तिथे चार महिने काय करेल? पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात ना, घरातल्या पाली ज्यांच्यावर तुटून पडतात, ती चिंगीची दिवाळी. पोट भरून घेते. मग हळूहळू मंदावते. सरपटणारा प्राणी तेवढ्याच वजनाच्या उंदराघुशीच्या साधारण दहावा हिस्सा खाऊन जगतो कारण त्याला अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे उपास तिला जमतो. गरमी मात्र बाहेरूनच लागते. आणि अशा पावसात ऊब कुठे असते? चुलीपाशी आणि माणसाच्या अंगाशी.

इथे मला गोष्टीतलं मुख्य सापडलं. चिंगी घरातल्या मुलीच्या, जाईच्या, मानेपाशी येऊन बसते ती ऊब घ्यायला. काही जणांना मी हे सांगितलं तर म्हणाले मग ते प्रेम कुठे, तो तर स्वार्थ. मला हे म्हणणं वरवरचं वाटतं. मांजर तरी मांडीवर का येतं? आपलं तान्हं बाळ तरी? शरीराची गरज भागते तिथेच ओळख सुरू होते आणि पुढे ओळखीची सवय होते, आणि सरपटणारे प्राणी आपण समजतो तेवढे बथ्थड नक्कीच नाहीत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात बिअर्डेड ड्रॅगनना, शिकवलेला एक ड्रॅगन डोक्याने जाळीचं दार कसं सरकवतो त्याचा व्हिडिओ दाखवला तर बघणाऱ्यांनी तसंच करून दार उघडलं.

ऑस्ट्रेलियातल्या स्लीपी लिझर्डबद्दल वाचलं तेव्हा तर मी थक्कच झाले. तिथल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मायकेल बुल यांनी 1982 पासून पुढची कित्येक वर्षं हे जाडजूड, आखूड शेपटीचे सरडे अभ्यासले. वर्षातला बराच काळ नर-मादी वेगवेगळे फिरतात, पण वसंत आला की तोच नर त्याच मादीला शोधत येतो आणि काही आठवडे तिच्या मागे मागे चालतो. ती खाते तेव्हा हा स्वतः कमी खातो आणि लक्ष ठेवतो. काही जोड्या 20 वर्षांहून जास्त टिकल्या. मी हे वाचलं आणि जाई-चिंगीची सगळी रचना परत लिहून काढली, म्हणजे चिंगी वर्षभर चिकटून राहत नाही, पावसाळा सरला की ती रानातच असते, घराकडे फिरकतही नाही, आणि पहिली सर आली की त्याच आढ्यावर, त्याच मुलीकडे परत येते. जाईला ते आठ महिने काढता यावे लागतात.

घरच्यांचा प्रश्न होताच. आपल्याकडे पाल अंगावर पडली की आंघोळ करतात, पंचांगात पल्लीपतनाचं फळ दिलेलं असतं, त्यामुळे गोष्टीतली आजी चिंगीला सुखासुखी घरात घेणार नाही. दुसरीकडे घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. आजीच्या मनात दोन्ही आहे आणि ते भांडण मी बाहेरून आणलेलं नाही, ते आपल्या घरांत आहेच. एक गोष्ट मी गोष्टीत स्पष्ट ठेवलीय आणि इथेही सांगते : चिंगी वाचून कुणी घोरपड किंवा रानातला सरडा पकडून आणू नका. घोरपड पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि त्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच. म्हणूनच चिंगी पिंजऱ्यात कधीच नाही, ती स्वतःहून येते-जाते.

अंड्यांचं पटकन ठरलं. उडणाऱ्या सरड्याची मादी एरवी झाडावरच असते पण अंडी घालायला जमिनीवर उतरते, तोंडाने माती उकरते, अंडी पुरते आणि निघून जाते. चिंगी गोठ्यामागच्या भाताच्या तुसात पुरते. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये अंडी 32 अंशांच्या वर उबली तर नराची गुणसूत्रं असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात, हे 2007 साली सिद्ध झालंय, तर ज्या वर्षी तूस जास्त तापतं त्या वर्षी चिंगीच्या सगळ्या मुलीच.

आणि दक्षिण अमेरिकेतला टेगू नावाचा मोठा सरडा, तो थंड रक्ताचाच, पण विणीच्या हंगामात रात्री त्याचं अंग बिळातल्या हवेपेक्षा 10 अंशांपर्यंत गरम राहतं असं 2016 साली ब्राझीलमधल्या अभ्यासात दिसलं. हे मी चिंगीला दिलंय. अंडी घालायच्या आधी थोडे दिवस तिचं अंग आतून तापतं. त्याच दिवसांत जाई तापातून उठलेली आणि गारठलेली असते, आणि तेव्हा पहिल्यांदा चिंगीची ऊब जाईला मिळते. या प्रसंगासाठी मी हंगामाची सगळी तारीखवार आखणी बदलली, कारण रानातून परत येणं, वीण आणि जाईचं आजारपण जुळायलाच हवं होतं.

आता कात टाकायचं प्रकरण लिहितेय. साप अख्खी कात एकदम टाकतो, सरड्यांची तुकड्या-तुकड्यांनी निघते, आणि पंखाच्या घडीत जुनं कातडं अडकलं तर जाईला ते कोमट पाण्याने भिजवून सोडवावं लागणार. बहिणीने तिच्या ड्रॅगनच्या बोटांवरचं कातडं कसं सोडवलं ते कॅमेऱ्यासमोर दाखवलंय, ओढायचं अजिबात नाही, भिजू द्यायचं आणि वाट बघायची. भाचीला हाच भाग आधी वाचायचाय, ती म्हणते जाईच्या जागी ती असती तर तिने रात्रभर जागून केलं असतं.