खेळाडूला एकटे न सोडणारे खेळ

शनिवार, रात्री उशिरा

'असॅसिन्स क्रीड वल्हाला' हा खेळ आज संगणकावरून काढून टाकला. कथा अर्ध्यावर आहे, एव्हॉर या व्हायकिंग योद्ध्याचे पुढे काय होते ते मला ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची उत्सुकताही उरलेली नाही. खेळ वाईट आहे असे मात्र म्हणवत नाही. नवव्या शतकातल्या इंग्लंडमधली ओली हिरवी कुरणे, रोमन काळातल्या पडक्या भिंती, नदीतून सरकणाऱ्या लांबट नौका हे सारे ज्या निगुतीने उभे केले आहे ते पाहून थक्क व्हायला होते. तरीही गेले काही दिवस हा खेळ सुरू करायला हात धजत नव्हता. असे का होते याचा छडा लागेपर्यंत दुसरा कोणताही मोठा खेळ विकत घ्यायचा नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

या खेळात उंच ठिकाणी चढून आजूबाजूचा मुलूख न्याहाळला की नकाशावर ठिपके उमटतात. सोनेरी ठिपका म्हणजे संपत्ती, निळा म्हणजे एखादे गूढ, पांढरा म्हणजे पुरातन वस्तू. काय सापडणार याचा रंग आधीच ठरलेला असल्यामुळे गूढाचे गूढपण तिथे पोहोचण्याआधीच संपते. समजा, सोनेरी ठिपका एका झोपडीत आहे आणि झोपडीचे दार आतून अडसर घालून बंद केलेले आहे. अशा वेळी मागची खिडकी शोधायची, तिच्यातून नेम धरून अडसरावर बाण मारायचा, की अडसर मोडतो आणि दार उघडते. पहिल्यांदा ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो. पुढे तोच अडसर आणि तीच खिडकी परगण्यामागून परगण्यात भेटत राहिली, आणि पेटीतले चामडे नि लोखंड उचलताना आपण खेळत नसून नकाशा साफ करण्याची कारकुनी करत आहोत, हे लक्षात येऊ लागले.

इथे कोणी म्हणेल की जुन्या खेळांतही वस्तू गोळा कराव्याच लागत होत्या. ते खरे आहे. सायबर कॅफेत आम्ही ज्याच्यासाठी रांग लावत असू, त्या २००२ सालच्या 'जीटीए: व्हाइस सिटी'मध्येही १०० छुपी पाकिटे होती. पण ती नकाशावर दिसत नसत. एखादे पाकीट कोणत्या गच्चीवर आहे, कोणत्या पुलाखाली आहे, ही माहिती मुले एकमेकांना सांगत आणि तिच्यात निम्म्याहून अधिक थापा असत. थाप आहे की खरे, हे पाहायला आपण स्वतः त्या पुलाखाली जायचो. संख्येचा जाच तेव्हाही होता, पण शोध आमचा होता.

रविवार

दुपारी जेवणानंतर भाच्याशी यावर बोलत होतो. तो म्हणाला, "मामा, तुझं वय झालं, तुला आता वेळ मिळत नाही, एवढंच कारण आहे." हे कारण मीही बरेच दिवस स्वतःला देत आलो आहे. मात्र ते टिकत नाही, कारण २०२२ साली आलेला 'एल्डन रिंग' मी नोकरी सांभाळून, झोप मोडून शेवटपर्यंत खेळलो. तो काही लहानसहान खेळ नव्हे, त्याचा विस्तार कोणत्याही मोठ्या खेळाच्या तोडीचा आहे. त्यात सुरुवातीच्या वाटेवरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार उभा असतो. नवखा खेळाडू त्याच्याशी भिडतो आणि पाहता पाहता मरतो. 'अजून तुझी ताकद पुरेशी नाही' अशी सूचना पडद्यावर येत नाही. त्याला वळसा घालून जाता येते, हे आपले आपणच शिकायचे. पुढे तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत एक पेटी आहे. ती हावरेपणाने उघडली की धूर निघतो आणि आपण थेट दुसऱ्याच प्रदेशातल्या खाणीत, आपल्याला सहज चिरडतील अशा शत्रूंमध्ये जाऊन पडतो. त्या रात्री खाणीतून बाहेर पडल्यावर डोक्यावर जे लाल आकाश दिसले, ते मी अजून विसरलेलो नाही. तिथे मला कोणी नेले नव्हते, माझ्या हावेने नेले होते.

म्हणजे खोट वयात नाही आणि आकारातही नाही. मग पैशात असेल काय, हा विचार दिवसभर डोक्यात घोळत होता.

२०२३ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या खटल्यात सोनीने काही कागदपत्रे सादर केली. त्यांतले गोपनीय आकडे काळ्या शाईने खोडले होते, पण नीट पाहिले तर ते वाचता येत होते. त्यांवरून सोनीच्याच 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख डॉलर खर्च आल्याचे जगाला कळले. त्याच वर्षाच्या अखेरीस इन्सॉम्नियाक या स्टुडिओची कागदपत्रे चोरीला गेली, तेव्हा 'स्पायडर-मॅन २'चा खर्च ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे उघड झाले. एका खेळात पाच-पाच वर्षे आणि शेकडो माणसांचे श्रम गुंतलेले असताना, खेळाडू कुठे अडकला, कंटाळला आणि खेळ बाजूला ठेवून निघून गेला तर काय, ही धास्ती निर्मात्यांना वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते आजच्या मोठ्या खेळांतला बराचसा बेचवपणा या धास्तीतून आला आहे.

'होरायझन'ची नायिका एलॉय सतत स्वतःशी पुटपुटत असते: इथे चढता येईल वाटते, ती खोकी हलवता येतील वाटते. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक'मध्ये कोडे समोर येऊन मी नीट पाहतो न पाहतो तोच सोबतचा गडी उत्तर सुचवून मोकळा होतो. २०२३ साली नव्याने आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये ज्या पेट्या फोडायच्या आणि ज्या शिड्या चढायच्या त्यांवर पिवळा रंग फासलेला आहे, आणि पुढच्याच वर्षी 'फायनल फॅन्टसी ७ रिबर्थ'मधल्या चढायच्या कड्यांवर तोच पिवळा रंग पाहून खेळाडूंमध्ये चांगलीच जुंपली होती. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की हल्लीची दृश्ये इतकी तपशीलवार असतात की खुणेवाचून वाट सापडतच नाही. हे मला पटते, आणि म्हणूनच जास्त खटकते. म्हणजे अफाट खर्च करून इतके दाट अरण्य रंगवायचे की त्यात वाट दिसू नये, आणि मग ती दिसावी म्हणून त्याच अरण्यावर रंगाचा डबा ओतायचा.

लांबीचेही तेच आहे. प्लेस्टेशन ५ च्या मोठ्या खेळाला आपल्याकडे ४,९९९ रुपये मोजावे लागू लागले, तेव्हा 'किती तास चालतो?' हा प्रश्न आम्ही सगळ्यांनीच विचारला. पैसा वसूल व्हावा, ही अपेक्षा चुकीची नाही. पण तिला उत्तर म्हणून जे मिळाले ते पंगतीत पोट भरल्यावरही पानात पडत राहणाऱ्या जिलबीसारखे आहे. जानेवारी २०२२ मध्ये 'डाइंग लाइट २' पूर्ण करायला किमान ५०० तास लागतील, अशी जाहिरात त्याच्या निर्मात्यांनी मोठ्या अभिमानाने केली आणि कौतुकाऐवजी ओरड ऐकून त्यांना खुलासा करावा लागला. 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'ने तर कळस केला. ज्यांवर आपली ताकद वाढते ते खेळातले अनुभवाचे गुण वेगाने मिळवून देणारी सोय तिथे वेगळे पैसे मोजून विकत मिळत होती. आधी पैसे देऊन खेळ घ्यायचा आणि मग तो कमी खेळावा लागावा म्हणून पुन्हा पैसे द्यायचे, हा व्यवहार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला आपला खेळ कंटाळवाणा आहे हे ठाऊक असले पाहिजे.

'कॉन्कॉर्ड' या सोनीच्या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, सोनीने लोकांचे पैसे परत केले. ती माझी आवड नव्हतीच.

बुधवार

रविवारी लिहिलेले पुन्हा वाचले. एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती माझ्या आवडत्या खेळाविषयी आहे. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) हा या साऱ्या खर्चिक कारागिरीचा कळस मानावा असा खेळ आहे. थंडीत घोड्याचे वृषणसुद्धा आकसतात, इतका तपशील तिथे आहे. मोकळ्या रानात तो मला हवे ते करू देतो. पण एकदा मिशन सुरू झाले की तोच खेळ पंतोजी होतो. सांगितलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलो, शत्रूला मागून गाठावे म्हणून टेकडीला वळसा घातला, की मिशन फसल्याची सूचना येते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे इतके विस्तीर्ण जग बांधूनही कथेच्या ऐन वेळी माझ्या बुद्धीवर त्यांचा भरवसा नाही.

गेल्या आठवड्यापासून रात्री 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळतो आहे. लुकास पोप यांनी जवळजवळ एकहाती केलेला २०१८ चाच हा खेळ, आणि तोही कृष्णधवल, ठिपक्या-रेघांचा. १८०७ साली एक बेपत्ता जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागते आणि त्यावर जिवंत माणूस एकही नसतो. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले ते शोधून वहीत लिहायचे. एकेक उत्तर तपासून मिळत नाही. तिघांची माहिती बिनचूक भरली तरच वही ती पक्की करते, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. काल रात्री एका खलाशाचे नाव मला त्याच्या निजायच्या टांगत्या झोळीवरच्या आकड्यावरून लागले. ती झोळी मी आधीही पाहिली होती, तिच्याजवळून गेलो होतो, आणि तिच्याकडे बघ असे मला कोणीही सांगितले नव्हते. दोन वाजून गेले होते, सकाळी आठची गाडी पकडायची होती, तरी खुर्चीतून उठवत नव्हते.

लहान खेळ तेवढे थोर आणि मोठे तेवढे पोकळ, असे मला म्हणायचे नाही. लहान खेळांतही गाळ पुष्कळ असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी' मी आपल्या माणसांचा म्हणून कौतुकाने घेतला. त्यातली भित्तिचित्रे आणि राजस्थानी वाड्यांची घडण देखणी आहे, पण लढाई लवकरच एकसुरी होते. मात्र तो काही तासांत संपतो, आणि त्याला सांगायचे असते तेवढे सांगून थांबतो.

भाचा विचारत होता की रॉकस्टारचा पुढचा जीटीए तरी घेणार की नाही. घेईन, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण पहिल्या दिवशी घेणार नाही. तो आधी घेईल, आणि मी त्याला एकच काम सांगून ठेवले आहे: पहिल्या मोठ्या मिशनमध्ये गाडी मुद्दाम भलत्याच रस्त्याला घाल आणि काय होते ते मला कळव.