माणूस ओळखू येईना, सभा मात्र कळे

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. पक्षाघातानंतर मेंदूची कोणती कामं शाबूत आहेत, कोणती बिघडली आहेत, हे तपासणं माझं काम. गेल्या पावसाळ्यात एक कीर्तनकार बुवा आले. उजव्या मेंदूच्या मागच्या, खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. बोलणं, चालणं, पाठांतर सगळं चोख, पण चेहरे ओळखू येईनासे झाले होते. शेजारी बसलेल्या पत्नीकडे ते परक्या बाईकडे बघावं तसे बघत होते. "अहो, पाणी देऊ का?" असं त्या म्हणाल्या तेव्हा कुठे ओळख पटली. फोटोंमध्ये स्वतःचा मुलगाही ओळखता आला नाही.

मुलगा विचारत होता, "बाबांचं कीर्तन आता बंदच का?" कुणीतरी त्यांना तसं सांगून टाकलं होतं.

मी काही बोलायच्या आत बुवा म्हणाले, "परवा देवळात दुसऱ्या बुवांचं कीर्तन होतं. मी पेटीवाल्यामागे बसलो होतो. समोरचा एक माणूस ओळखू येईल तर शपथ! पण पूर्वरंग लांबलाय, मंडळी कंटाळलीत, हे मला बघताक्षणी कळलं. मी असतो तर आख्यानाकडे वळलो असतो."

मी सावरून बसले. जेसन हॅबरमन आणि डेव्हिड व्हिटनी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली हेच दाखवलं होतं: चार चेहरे एकत्र दाखवले की त्यांचा सरासरी भाव लोक नेमका सांगतात, पण त्या चौघांत कोणता चेहरा होता हे सांगताना चाचपडतात. पुढे २०१२ मध्ये, जन्मापासून चेहरे ओळखू न शकणाऱ्यांनाही समूहाचा भाव कळतो असं आढळलं.

मग मी लॅपटॉपवर १६ चेहरे अर्धा सेकंद दाखवले आणि लगेच एकच चेहरा. "हा मघाच्या घोळक्यापेक्षा खुश की नाराज?" बुवा न अडखळता सांगत गेले, आणि बहुतेक उत्तरं बरोबर आली. "हा त्यांच्यात होता का?" असं विचारलं की मात्र नुसता अंदाज. पण तिथे धडधाकट माणसंही अंदाजच करतात.

एक सावधगिरी मी सांगितली. जास्त तीव्र भावाचे चेहरे नजर खेचून घेतात, त्यामुळे गर्दी असते त्याहून जास्त भडकलेली वाटते. २०२१ च्या एका अभ्यासात हे दिसलंय. बुवा लगेच म्हणाले, "पुढे एक जण आठ्या घालून बसला की सगळी सभा रुसल्यासारखी वाटते. म्हणून तर आमचे गुरुजी सांगायचे, मागच्या रांगांवर नजर ठेव."

आमच्या नेहमीच्या चाचण्या एका वेळी एकच चेहरा दाखवतात. ज्याचं पोट सभेवर आहे त्याचा निकाल तेवढ्यावर लावणं मला अन्यायाचं वाटतं. अहवालात मी स्पष्ट लिहिलं: कीर्तन चालू ठेवावं. कीर्तनानंतर पाया पडायला येणाऱ्यांनी आधी आपलं नाव सांगावं, आणि ते पाहायला मुलाने जवळ उभं राहावं.