चालुक्यांच्या गावांना, बसने

इतिहासाची मनापासून आवड असलेल्या मंडळींपुढे ‘आम्ही टूरच्या बसने बदामीला जाऊन आलो’ असे म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर सौम्य करुणा उमटते. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. बसभर माणसे म्हणजे बसभर भुका, बसभर गुडघेदुख्या आणि प्रत्येक ठिकाणी उशिरा परतणारी तीच ती दोन कुटुंबे. ज्या शिल्पापुढे अर्धा दिवस बसावे तिथे पाच मिनिटे मिळतात आणि जिथे पाहण्यासारखे काही नाही अशा हॉटेलच्या आवारात चहासाठी पाऊण तास जातो. हे सगळे मान्य करूनही सहाव्या ते आठव्या शतकांत दख्खनवर राज्य करणाऱ्या चालुक्य राजांची उत्तर कर्नाटकातली ऐहोळे, पट्टदकल आणि बदामी ही तीन ठिकाणे मी पुन्हा पाहायची ठरवली तर बसनेच जाईन, कारण सोबतीला निरनिराळ्या धंद्यांतली माणसे असली की दगडातल्या अशा गोष्टी दिसतात ज्या माझ्यासारख्या केवळ पुस्तके वाचून गेलेल्या माणसाच्या नजरेतून निसटतात.

या भागातल्या सहलींची खरी अडचण कार्यक्रमपत्रिकेत असते. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक सहली ‘हंपी-बदामी’ अशा जोडनावाने विकल्या जातात आणि त्यात हंपीला सिंहाचा वाटा देऊन चालुक्यांची ही तिन्ही गावे एका दिवसात उरकली जातात. मुक्काम बदामीला असल्याने सकाळी ताज्या पायांनी बदामीची लेणी, दुपारी पट्टदकल आणि उन्हाने, जेवणाने, झोपेने माणसे पार गळून गेल्यावर ऐहोळे, असा तो क्रम असतो. आमची बस सांगलीहून निघणारी, बहुतेक प्रवासी निवृत्त, आणि हंपी अनेकांची आधीच पाहून झालेली, त्यामुळे या वेळी फक्त चालुक्य पाहू या, असा आग्रह धरता आला. मिरज, कागवाड, अथणी करत कृष्णा ओलांडायची, एके काळच्या पटवर्धनांच्या जमखंडीत चहा घ्यायचा आणि रात्रीला बागलकोट गाठायचे, असा मार्ग ठरला. बागलकोटच्या मुक्कामाचा फायदा हा की दुसऱ्या दिवशी सकाळी थेट ऐहोळेला जाता येते.

ऐहोळे हे मलप्रभेकाठचे लहानसे गाव आहे आणि त्यात व त्याच्या आसपास शंभराहून अधिक देवळे विखुरलेली आहेत. कित्येक देवळांत पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत होते, तिथेच चुली पेटत होत्या आणि गुरेही बांधली जात होती. त्यामुळे देवळांना आज देवाचे नाव नसून राहणाऱ्याचे नाव आहे. लाडखान हे त्यांपैकीच एक. दुर्गा मंदिराचेही तसेच आहे. तिथे दुर्गादेवीचे देऊळ शोधू नये, त्याच्या माथ्यावर कधीकाळी दुर्ग म्हणजे टेहळणीची तटबंदी होती म्हणून ते नाव पडले. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेल्या या देवळाभोवती खांबांचा प्रदक्षिणामार्ग आहे, त्याच्या कोनाड्यांत नरसिंह, वराह, महिषासुरमर्दिनी, हरिहर अशा मूर्ती एकामागून एक येतात आणि शिखराचा आमलक, म्हणजे माथ्यावरचा आवळ्याच्या घाटाचा दगड, खाली अंगणात पडलेला आहे. एरवी मान वर करून पाहायची गोष्ट इथे हात लावता येईल इतकी जवळ मिळते आणि ती किती अवजड असते याचा अंदाज तेव्हा येतो.

लाडखान देवळापाशी मात्र बसच्या सोबतीचे मोल कळले. आमच्यात तांत्रिक विद्यालयात सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले एक काका होते. गाइड आत खांबांवरच्या जोडप्यांविषयी सांगत असताना हे काका बाहेर उभे राहून छपराकडे पाहत होते. उतरते छप्पर दगडी फरशांचे आहे आणि दोन फरशांच्या सांध्यावर ओंडक्यासारखी लांबट, निमुळती दगडी पट्टी बसवलेली आहे. काका म्हणाले, “फळ्यांच्या सांध्यातून पाणी गळू नये म्हणून आम्ही वरून पट्टी मारतो, तेच हे. सुताराचं काम आहे, फक्त लाकूड नाही.” पुढचा सबंध दिवस ते ज्याला त्याला तुळई कुठे, दिंडे कुठे, कोणता भाग लाकडात सोपा असता आणि दगडात उगाच अवघड झाला, हे दाखवत राहिले आणि गाइडभोवतीची निम्मी गर्दी त्यांच्याकडे सरकली. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. लाकडासारखे दिसते म्हणून ते फार जुने असे मानण्याचा मोह होतो, पूर्वी अभ्यासकांनाही तो झाला होता आणि हे देऊळ पाचव्या शतकातले मानले जाई. आता मात्र ते बरेच अलीकडचे, सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचे समजले जाते. हातातली सवय सामग्री बदलल्यावरही बराच काळ टिकते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

ऐहोळेत बहुतेक बसगाड्या दुर्गा मंदिराच्या आवारातूनच परत फिरतात. गावामागच्या टेकडीवरचे मेगुती हे जैन मंदिर पायऱ्यांमुळे गाळले जाते आणि मराठी माणसाच्या दृष्टीने या सबंध सहलीत त्यासारखी चूक नाही. आमच्या टूर मॅनेजरनेही “काका, वर एकच देऊळ आहे, तेसुद्धा पडकं” म्हणून पाहिले. तो मुलगा गुणी होता, पण त्याच्या हातात घड्याळ होते. शेवटी ज्यांना चढणे शक्य नाही त्यांनी खाली सावलीत ताक प्यावे आणि बाकीच्यांनी वर जावे, असा तोडगा निघाला. पायऱ्या फार नाहीत. वाटेत उतारावर दोन मजली बौद्ध वास्तू लागते आणि माथ्यावर पोहोचल्यावर सबंध ऐहोळे पायाखाली दिसते.

वर पूर्वेकडच्या भिंतीवर रविकीर्तीचा शिलालेख आहे. शके 556 म्हणजे इ.स. 634 मध्ये रविकीर्ती या जैन कवीने हे जिनालय उभारले आणि ते निमित्त साधून आपला आश्रयदाता चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती संस्कृत श्लोकांत कोरून घेतली. अक्षरे जुन्या दाक्षिणात्य वळणाची आहेत, त्यामुळे आपल्याला वाचता येत नाहीत. भिंतीच्या एका पट्टीवर दाटीने बसवलेल्या त्या ओळी पाहून बसमधल्या एका काकूंनी “एवढं बारीक कोरायला डोळे कसले असतील” एवढेच म्हटले. पण त्या ओळींत कनौजच्या हर्षवर्धनाचा पराभव आहे, ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’ म्हणजे ज्याने हर्षाचा हर्ष भयाने गळवून टाकला, अशी त्याच्या नावावर साधलेली कोटी आहे आणि नव्व्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रांचे अधिपत्य पुलकेशीला मिळाले, असा उल्लेख आहे. आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या जुन्या काळी, नेमक्या तारखेसह, दगडावर आलेले आपल्याला सहज जाऊन पाहता येते ते इथे, आणि तेही कर्नाटकातल्या एका टेकडीवर. कवी मोठा धीट होता. शेवटी त्याने स्वतःची कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या पंक्तीला नेऊन बसवली आहे. त्या एका ओळीमुळे कालिदास इ.स. 634 च्या आधीचा, हे निर्विवाद ठरते, तेव्हा त्याचा हा आगाऊपणा संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासकारांना चांगलाच उपयोगी पडला. उतरताना खाली थांबलेल्यांना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांतल्या एका वहिनींनी मॅनेजरला “मग हे आधी का नाही हो सांगितलंत?” असे सुनावले. देवळाच्या मागे महापाषाणयुगीन दफनांच्या दगडी रचना आहेत. त्या धावत पाहिल्या.

पट्टदकल तिथून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. 1987 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे हिरवळ, फरसबंद वाटा आणि पाट्या सगळे व्यवस्थित आहे, आणि बसच्या मंडळींना ते लगेच आवडते. मला स्वतःला हे आवार थोडे जास्तच नीटनेटके वाटते, पण इथे जी गोष्ट समजते ती दुसरीकडे इतक्या सहजपणे समजत नाही. उत्तरेकडची वळत वर जाणारी, माथ्यावर आमलक मिरवणारी नागर शिखरे आणि दक्षिणेकडची मजल्यामजल्याने लहान होत जाणारी द्राविड विमाने एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत, आणि थोड्या अंतरावरच्या पापनाथ मंदिरात तर शिखर नागर आणि भिंतींवरची बरीच सजावट द्राविड, असा दोन्हींचा संसार आहे.

यातले सर्वांत भव्य विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने इ.स. 740 च्या सुमारास बांधवले. तिचा पती दुसरा विक्रमादित्य याने चालुक्यांचे दक्षिणेतले शत्रू पल्लव यांची राजधानी कांची जिंकली, त्या विजयाचे हे स्मारक; तिची धाकटी बहीण आणि सवत त्रैलोक्यमहादेवी हिनेही शेजारी मल्लिकार्जुनाचे देऊळ उभारले. “बहिणी-बहिणींची ईर्ष्या,” असे बसमधल्या बायकांनी एकमताने ठरवून टाकले, त्याला पुरावा काही नाही. विरूपाक्षाच्या स्थपतीचे नाव मात्र शिलालेखात आहे: गुंड अनिवारिताचारी. राजांची नावे उदंड मिळतात, हात चालवणाऱ्याचे नाव क्वचित, म्हणून सुतारकाम शिकवणाऱ्या काकांना ते मुद्दाम सांगितले. त्यांनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतले. प्रवेशद्वार, पुढे नंदीमंडप, मग मुख्य देऊळ आणि भोवती प्राकार ही रचना पाहिली की वेरुळचे कैलास पाहिलेल्यांना ओळखीचे काही दिसू लागते. चालुक्यांची सत्ता घेणाऱ्या राष्ट्रकूटांनीच पुढे कैलास कोरले आणि त्याचे विरूपाक्षाशी असलेले नाते अभ्यासक मान्य करतात.

दुसऱ्या दिवशी बदामी. तिच्याआधी बनशंकरीला थांबणे अटळ होते, कारण बसमधल्या काही घरांची ती कुलदेवी. देवळाबाहेर बायका टोपल्यांत पातळ ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी आणि घट्ट दही घेऊन बसतात. त्या जेवणापुढे हॉटेलमधली थाळी कुणाला आठवली नाही.

बदामीची चार लेणी तांबड्या वालुकाश्मात एकावर एक अशी चढत जातात: पहिले शिवाचे, दुसरे व तिसरे विष्णूचे, चौथे जैन. पहिल्याच्या दारात अठरा हातांचा नटराज आहे आणि गाइड मंडळी तिथेच सगळा वेळ घालवतात. समोरच्या बाजूला द्वारपालाच्या खाली बैल आणि हत्ती यांचे एकच डोके कोरलेले आहे. अर्धा भाग तळहाताने झाकला की बैल दिसतो, दुसरा अर्धा झाकला की हत्ती. बसमधल्या शाळकरी नातवाने तो खेळ इतक्या वेळा केला की मागच्या बसची रांग खोळंबली. तिसरे लेणे सर्वांत मोठे, आणि त्यातल्या लेखामुळे त्याची तारीख पक्की आहे: शके 500, म्हणजे इ.स. 578. चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाने ते करवून घेतले. ओसरीच्या टोकाला शेषाच्या वेटोळ्यावर आरामात बसलेला विष्णू आहे. शेषशायी पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही बैठक नवी वाटते.

समोर अगस्त्य तीर्थाचा तलाव आणि पलीकडे किल्ला. रविकीर्तीने मेगुतीवर पुलकेशीचा जयजयकार कोरला त्याला दहा वर्षे व्हायच्या आत, इ.स. 642 मध्ये, पल्लव राजा नरसिंहवर्म्याने बदामी ही चालुक्यांची राजधानी घेतली आणि स्वतःला ‘वातापिकोंड’, म्हणजे वातापी (बदामीचे जुने नाव) जिंकणारा, म्हणवून घेतले; त्याचाही लेख इथल्याच खडकावर आहे. विक्रमादित्याने शंभर वर्षांनी कांची घेतली, पण तिथले कैलासनाथाचे मंदिर लुटले नाही, उलट त्याची संपत्ती त्याला परत केली आणि तसे त्याच देवळात कन्नडमध्ये कोरून ठेवले. किल्ल्याची गोष्ट आपल्यापर्यंतही येते, कारण 1786 मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी तो टिपूकडून घेतला.

कुणी या भागात बसने जाणार असेल तर पैसे भरण्यापूर्वी टूरवाल्यांना दोन-तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. मेगुतीची टेकडी कार्यक्रमात आहे का, ऐहोळे सकाळी ठेवले आहे का, आणि तो वार शुक्रवार तर नाही ना, कारण पुरातत्त्व खात्याची इथली संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. आमचा शुक्रवार होता.