कोकोच्या मागे मागे: ताबास्को ते वाहाका

विल्लाएर्मोसाहून कोमाल्काल्कोला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील, पण हवा एवढी दमट की शर्ट पाठीला चिकटलेला. मेक्सिकोत आलेले बहुतेक लोक समुद्रकिनारे गाठतात, मला मात्र चॉकलेट जिथून येतं ती झाडं बघायची होती म्हणून थेट ताबास्को राज्यात.

बागेत शिरलं की एकदम गार वाटतं. कोकोला कडक ऊन सोसत नाही, त्यामुळे वर मोठ्या झाडांची सावली धरलेली असते आणि त्यातलं एक झाड ओळखीचं निघालं, आपलं गिरिपुष्प! तिकडे त्याला मादरे काकाओ म्हणतात, म्हणजे कोकोची आई, किती गोड नाव आहे. फळं थेट खोडाला लागतात, फणसासारखी. बागेतल्या आजोबांनी एक पिवळं फळ कोयत्याने आडवं फोडलं, आत पांढऱ्या बुळबुळीत गरात गच्च बसलेल्या तीस-चाळीस बिया. गर आंबट-गोड, लिचीच्या जवळ जाणारा, चॉकलेटची चव नावालाही नाही. मग बी चावून बघितली तर आतून जांभळी आणि इतकी कडू-तुरट की जीभच आखडली. आजोबा म्हणाले, थांबा, ते अजून चॉकलेट झालेलंच नाही.

ते होतं लाकडी पेट्यांत. बिया गरासकट भरायच्या, वर केळीची पानं आणि पाच-सात दिवस आंबू द्यायच्या, मधेमधे हलवत. मी एका पेटीत हात घातला तर आत चांगलंच गरम, ४५-५० अंशांपर्यंत जातं म्हणे, खाली जाळ नाही काही नाही, नुसती आंबण्याची ऊब आणि नाकात व्हिनेगरसारखा वास. या उष्णतेने बी मरते, जांभळी होती ती तपकिरी व्हायला लागते आणि चवीचा पाया इथेच पडतो. नंतर उन्हात वाळवणं आणि भाजणं आहेच, पण आंबवणं बिघडलं तर पुढे कितीही साखर-दूध ओता, ती चव येत नाही.

दुपारी तिथलेच माया या प्राचीन संस्कृतीचे अवशेष बघितले. जवळपास दगड नाही म्हणून भाजलेल्या विटांची मंदिरं, शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेली, तासभर बघत बसलो तरी समाधान होईना. माया लोक कोको प्यायचे, आणि पुढे अ‍ॅझ्टेकांच्या काळात तर याच बिया बाजारात नाणी म्हणून चालायच्या. कोकोचं मूळ मात्र अजून दक्षिणेला आहे, इक्वेडोरमधे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांमधे त्याचे अंश सापडलेत. आणि आपण खातो ती वडी? १८२८ मधे हॉलंडच्या व्हॅन हौटनने कोकोतलं लोणी वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, १८४७ मधे इंग्लंडमधे फ्राय कंपनीने त्याच लोण्याच्या मदतीने घट्ट चॉकलेट बनवलं, म्हणजे वडीचं वय २०० वर्षंसुद्धा नाही. त्याआधी हजारो वर्षं ते प्यायचंच होतं.

मग रात्रभराची बस आणि वाहाका शहर. तिथल्या मिना रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि त्या वासानेच पाय थांबले. ओळीने चॉकलेटच्या गिरण्या आहेत, भाजलेला कोको, बदाम, दालचिनी आणि साखर तुमच्यासमोर मोजून दळतात आणि खाली कोमट, काळसर, चकाकणारा लगदा पडतो. (दालचिनी आणि साखर दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आल्या, जुन्या पेयात मिरची असायची.) गिरणीवरच्या ताईंनी विचारलं, साखर किती? मी म्हटलं अगदी कमी.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. चॉकलेट तब्येतीला चांगलं असं आपण सरसकट म्हणतो, पण गुण आहे तो कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या नैसर्गिक घटकांमधे. ते रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत करतात आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मधे त्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल हे प्रमाण मान्य केलंय. पुढे अमेरिकेत २१ हजारांवर लोकांवर झालेल्या कॉसमॉस चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको अर्काच्या गोळ्या दिल्या, हृदयविकारामुळे होणारे मृत्यू कमी दिसले पण हार्ट अ‍ॅटॅक वगैरे सगळे त्रास एकत्र धरले तर ठोस फरक नाही, तेव्हा कोको हे औषध आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय कडूपणा घालवायला कोकोवर अल्कलीची (सोड्यासारख्या क्षाराची) प्रक्रिया करतात त्यात बरेचसे फ्लॅव्हनॉल जातात, आणि मिल्क चॉकलेटमधे कोको कमी, साखरच जास्त. पाकीट घेताना हे बघा एवढं मनापासून सांगतो.

ताईंनी गरम पाण्यात वडी विरघळवली, लाकडी रवी दोन तळहातांमधे धरून घुसळत राहिल्या, बोटभर फेस आला तेव्हाच थांबल्या. दूध नाही, साखर जेमतेम. पहिला घोट कडूच लागला, तिसऱ्या घोटाला बदाम लागला, मग तो भाजका वास नाकात चढला. पेला संपला असं वाटून खाली ठेवला तर ताईंनी तळाशी बसलेल्या जाड गाळाकडे बोट दाखवलं, खरा कोको तर तो आहे म्हणाल्या, आणि हातात चमचा दिला.